मुलीच्या वतीने बोलणारी आई
(मत्तय १५:२१–२८)



सोर व सीदोन या प्रांतांत एक कनानी बाई प्रभूच्या मागे ओरडत आली, तो वृत्तांत आपणांस ठाऊक आहे. तिच्या विश्वासाविषयी उपदेश पुष्कळ झाले. तिच्या मुलीकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. ती मुलगी साऱ्या वृत्तांतात एक शब्दही बोलत नाही. मार्काच्या शुभवर्तमानावरून ती घरी बिछान्यावर होती असे दिसते. तिच्या वतीने जे बोलणे झाले ते सर्व आईचे. आणि त्या आईला घालवून द्यावे, ती ओरडते, असे कोण म्हणाले? परूशी नव्हेत, तर प्रभूचे शिष्यच.

आपल्या मंडळ्यांतही न बोलणारी लेकरे आहेत. नावाने हाक मारली तर वळून पाहत नाहीत, हात फडफडवतात, ढोलकी वाजू लागताच कान झाकून किंचाळतात. या अवस्थेला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम म्हणतात. १९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी अशा ११ मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी ३ बोलत नव्हती. पुढे कित्येक वर्षे काही विद्वानांनी याचा दोष मातांच्या थंडपणावर ठेवला. ते खोटे ठरले. मेंदूची घडणच निराळी असते आणि तीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. विद्वानांनी तो बोल सोडला. आपल्या गावांतील सासवांनी व शेजारणींनी अजून सोडलेला नाही!

कोणी म्हणेल, शास्त्रात मुका आत्मा सांगितला आहे ना? होय, मार्काच्या नवव्या अध्यायात. परंतु तो मुलगा फेस आणीत असे, विस्तवात व पाण्यात पडत असे. आणि तेथेही प्रभूने आधी बापाला विचारले की, हे किती दिवसांपासून आहे. आपण तर विचारीतही नाही. लेकरू बोलत नाही म्हणून त्याला उपाशी ठेवणे, चौघांनी धरून त्याच्या कानाशी ओरडणे, याला प्रार्थना म्हणू नये. ज्याला आवाजाने यातना होते त्याला तो छळ आहे. जन्मांधाविषयी पाप कोणाचे, असे शिष्यांनी विचारले, तेव्हा प्रभूने ना त्याला दोषी ठरविले, ना त्याच्या आईबापांना.

न बोलणारे लेकरू समजत नाही असे मानू नये. हात धरून माठाकडे ओढणे हेही बोलणेच आहे. पुष्कळ लेकरे चित्र दाखवून पाणी, भाकर, घर हे सांगू शकतात. चित्रांनी वाचा खुंटते ही भीती निराधार आहे. लेकरासाठी बोलणाऱ्या आईने प्रथम त्याचे हे बोलणे ऐकावे, नाहीतर ती आपलेच मन त्याच्या नावाने सांगेल.

शाळेत गुरुजी म्हणतात, “याला घरी न्या.” शिष्यांचे शब्द तेच होते. तथापि दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ यात स्वमग्नतेचा समावेश आहे, आणि ४० टक्के वा अधिक दिव्यांगता असलेल्या लेकरास ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. त्यासाठी सरकारी रुग्णालयातून दाखला काढावा लागतो. पुढे १८ वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमण्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमान्वये जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो. मजुरी बुडवून या खेपा एकट्या आईने घालाव्या काय? मंदिराच्या कुंपणासाठी आपले वडील मंडळ कचेरीत दहादा जाते. कनानी बाईसोबत एकही शिष्य उभा राहिला असे लिहिलेले नाही. आपल्या पंचांपैकी एकाने तरी या आईबरोबर जावे.

उपासनेत दाराजवळचा बाक तिच्यासाठी राखावा, म्हणजे लेकरू घाबरले तर तिला बाहेर जाऊन पुन्हा आत येता येईल. ध्वनिक्षेपक हळू ठेवावा. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी पाणी, बाहेर, गाणे, पुरे अशी चार चित्रे पुठ्ठ्यावर काढून ठेवावीत, आणि लेकराने “पुरे” दाखविले की खरोखरच थांबावे.