शेवटचा हात कुणाचा?

सुरतेच्या डिंडोलीतल्या खानदेशी घरातला जुना लॅपटॉप सहसा एकट्याचा नसतो. मुलगी त्यावर कॉलेजचा प्रोजेक्ट करते, भाऊ एम्ब्रॉयडरीची डिझाइन उघडून बघतो, वडील गावाकडच्या जमिनीचा सातबारा काढतात. लॅपटॉप रडत-खडत चालू लागला की मुलगी मोबाइलवर एखादी रील बघते, टेंप फोल्डर उघडते आणि आतलं सगळं डिलीट करते. दोन-चार दिवसांनी लॅपटॉप मध्येच बंद पडतो, कधी निळा पडदा दाखवतो. मग घरात निकाल लागतो: हिने हात लावला म्हणून बिघडला. भावाने मागच्या महिन्यात कुठून तरी क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर आणून टाकलेलं असतं, पण त्याचं नाव कुणी काढत नाही.

हा निकाल बहुतेक वेळा चुकीचा असतो, आणि त्याने होणारं नुकसान लॅपटॉपच्या किमतीपेक्षा मोठं असतं.

आधी यंत्राचं बघू. टेंप फोल्डरमध्ये प्रोग्रॅमने काम करताना तात्पुरत्या काढलेल्या फाइली पडून असतात. ज्या वापरात आहेत त्या विंडोज स्वतःच डिलीट करू देत नाही. बाकीच्या गेल्या तर गरज पडल्यावर प्रोग्रॅम नव्या तयार करतो. प्रोग्रॅम लवकर उघडावेत म्हणून विंडोजने ठेवलेला प्रीफेच फोल्डर रिकामा केला तर पुढचे काही दिवस प्रोग्रॅम उघडायला थोडा जास्त वेळ घेतात, इतकंच. मुलीच्या हातून खरोखर घोटाळा होऊ शकतो तो दुसरीकडे: विंडोजच्या पोटातला इन्स्टॉलर फोल्डर साफ केला, सिस्टिम फोल्डरला हात घातला, किंवा रजिस्ट्री ‘साफ’ करून देणारं एखादं फुकट सॉफ्टवेअर चालवलं तर. म्हणून तिला विचारायचं ते एवढंच, की नेमकं काय डिलीट केलंस? तिने सांगितलं तर ऐकायचं.

मग बिघाड कुठून आला? लिंबायत, उधना, पांडेसरा या पट्ट्यात लूम आणि एम्ब्रॉयडरीच्या मशिनी दिवसरात्र चालतात. हवेत सुताची बारीक धूळ असते आणि लॅपटॉपचा पंखा ती आत ओढतो. पंख्यापुढच्या जाळीत तिचा थर बसतो, गरम हवा बाहेर पडत नाही, प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी मशीन बंद करतो. त्यात लॅपटॉप गादीवर ठेवून वापरायची आपली सवय. खालची झरोक्यांची जागा बंद होते आणि वर सुरतेचा मे महिना असतो.

उष्णतेचा बिघाड ओळखायला इंजिनिअर लागत नाही. सुरू केल्यावर काही वेळ ठीक चालतो, काम वाढलं की पंखा किंचाळतो आणि मशीन बंद पडतं. थंड झाल्यावर पुन्हा चालू होतं. तेव्हा पंखा साफ करून प्रोसेसरवरची सुकलेली थर्मल पेस्ट बदलून घ्यायची. चार्जर काढताच बंद पडत असेल तर बॅटरी बघा. टचपॅड वर उचललेला दिसला किंवा झाकण नीट बसेनासं झालं तर बॅटरी फुगलेली असू शकते. तो लॅपटॉप त्या क्षणी बंद करा, चार्जिंगला लावू नका. निळा पडदा दर वेळी वेगळं कारण दाखवत असेल तर रॅमवर संशय घ्यावा. विंडोजमध्येच मेमरी डायग्नोस्टिक नावाची तपासणी आहे. मशीन गोठत असेल, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सारखी शंभर टक्के दिसत असेल किंवा आतून टकटक येत असेल तर हार्ड डिस्क जायला आली आहे, असं समजून दुसरं काहीही करण्याआधी फोटो, मार्कशीट, हिशेब पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावेत. हे ‘आधी’ फार महत्त्वाचं. खिळखिळ्या झालेल्या डिस्कवर दुरुस्तीचे प्रयोग सुरू केले की राहिलेला डेटाही जातो.

विंडोजकडे एक वही असते आणि घरातल्या कुणालाच ती ठाऊक नसते. स्टार्टमध्ये रिलायबिलिटी हिस्ट्री शोधा. तारखेवार आलेख उघडतो, ज्या दिवशी काही कोसळलं त्या दिवशी लाल फुली असते. त्यावर क्लिक केलं की काय पडलं तेही दिसतं. आता मुलीने फाइली डिलीट केल्याची तारीख त्यात शोधा. फुल्या त्या तारखेच्या कितीतरी आधीपासून असतील, तर लॅपटॉप आधीच आजारी होता. तो मंदावला म्हणून तर तिने साफसफाई केली होती! कारण आणि परिणाम उलटे लावून आपण तिला दोषी ठरवलं.

कावळा बसला आणि फांदी तुटली, हा न्याय आपल्याला यंत्रापुरता सुचलेला नाही. लग्न होऊन सून आली आणि त्याच महिन्यात सासऱ्यांचा कारखान्यातला रोजगार गेला, की ती पांढऱ्या पायाची. सातपुड्याच्या पायथ्याला, नंदुरबारकडे, गावात ओळीने माणसं किंवा जनावरं दगावली की एखाद्या बाईला डाकीण ठरवून मारहाण झाल्याच्या घटना घडल्या आहेत, आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांना तिथे वर्षानुवर्षं फिरावं लागलं आहे. जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्राने 2013 मध्ये केला, गुजरात विधानसभेने तसा कायदा 2024 च्या ऑगस्टमध्ये मंजूर केला. लॅपटॉपवरून मुलीला बोलणं आणि डाकीण म्हणून बाईला मारणं यांच्या तीव्रतेत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, हे मला मान्य आहे. विचार करायची पद्धत मात्र एकच आहे: काही वाईट घडलं, त्याआधी जवळ कोण होतं ते बघा, आणि त्यातली सर्वांत दुबळी व्यक्ती निवडा.

या पद्धतीविरुद्धची लढाई सुरतेला नवी नाही, आणि तिच्यात मराठी माणूस सुरुवातीपासून होता. 1844 मध्ये याच शहरात मानवधर्म सभा स्थापन झाली. दुर्गाराम मेहताजी तिचे एक प्रमुख, आणि त्यांच्या बरोबरीने दादोबा पांडुरंग तर्खडकर, मराठीचे व्याकरणकार, जे तेव्हा सुरतेत शिक्षक होते. मंतरणाऱ्यांना आणि जादूगारांना या मंडळींनी उघड आव्हान दिलं की तुमच्या मंत्राचा परिणाम आमच्यासमोर करून दाखवा. पुढे दादोबांनी मुंबईत परमहंस सभा उभी करण्यातही पुढाकार घेतला. परीक्षा द्या, मग विश्वास मागा, अशी त्यांची साधी मागणी होती. आज ती मागणी रीलवाल्याकडे करायला हवी आणि लॅपटॉपच्या दुकानातही करायला हवी.

कारण दुकानातला मंत्र एकच असतो: फॉरमॅट. लॅपटॉप टेबलावर ठेवायचा अवकाश, ‘व्हायरस आहे, फॉरमॅट मारून देतो’ हे ऐकू येतं. धूळ साफ होत नाही, रॅम तपासली जात नाही, डिस्कची तब्येत कुणी बघत नाही. विंडोज नव्याने पडल्यामुळे काही दिवस मशीन हलकं वाटतं, मग पुन्हा तेच. दरम्यान मुलीचा प्रोजेक्ट आणि आजीचे फोटो गेलेले असतात. सगळे कारागीर असे नसतात. डिस्क तपासून, ‘भाऊ, आधी डेटा काढून घ्या’ असं सांगणारे कारागीरही मिळतात, आणि गिऱ्हाइकालाच घाई असते हेही खरं. आपण कारण विचारत नाही म्हणून ते सांगत नाहीत.

तेव्हा दुरुस्तीवाल्यांना विनंती आहे: पावतीवर काय केलं याआधी काय सापडलं ते लिहा, आणि ग्राहकाच्या होकाराशिवाय फॉरमॅट करू नका. आणि डिंडोलीतल्या आई-वडिलांनो, लॅपटॉप घेऊन दुकानात जाताना मुलीला घरी ठेवू नका. कारागिराशी तिलाच बोलू द्या. कधी काय बंद पडलं, त्याआधी काय बदललं, हे घरात सर्वांत नीट तिलाच माहीत असतं.