पाहुण्याचा हक्क

गाव कुणाचे? राहणाऱ्याचे, की ज्याचा जीव त्यात गुंतला त्याचे? इटलीतल्या चिविता दि बान्योरेजो या टेकडीवरल्या गावी मी एक उन्हाळा काढला, तेव्हापासून हा प्रश्न माझी पाठ सोडीत नाही.

खाली चिकणमाती, तिच्यावर ज्वालामुखीचा दगड आणि त्या दगडावर हे गाव. माती पावसाने झिजते नि कडे ढासळतात. १६९५च्या भूकंपानंतर लोक हळूहळू शेजारच्या बान्योरेजोला गेले. आज कायमचे रहिवासी मूठभर. पाहुणे मात्र वर्षाला लाखो. १९६५ साली बांधलेल्या पादचारी पुलावरून ते येतात. २०१३पासून त्यांना प्रवेशशुल्क द्यावे लागते.

कुणी म्हणेल, पाहुण्यांनी गावाचा बाजार केला. पण पाहुणे नसते, तर ढासळत्या गावाकडे बघितले कुणी असते? तरीही मला वाटते, पैसा दिला म्हणून गाव आपले होत नाही. माझ्या वाट्याला सुटीचा उन्हाळा आला. तिथल्या म्हातारीला हिवाळाही काढायचा असतो. धुक्यात, वाऱ्यात, त्याच पुलावरून तिला घरी परतायचे असते.

पाहुण्याने प्रेम जरूर करावे. पण ‘माझे गाव’ म्हणण्याचा अधिकार हिवाळा सोसणाऱ्याचा. पाहुण्याच्या पदरी असते ते ऋण.