परक्यांसाठी शेकोटी



भूमध्य समुद्रातील माल्टा देशात गेलेले यात्रेकरू संत पौलाचा उपसागर, रबात येथील गुहा आणि वालेट्टातील जहाजफुटीचे चर्च पाहतात. जरूर पाहावे. पण त्याआधी आपण ‘प्रेषितांची कृत्ये’, अध्याय 28 वाचू या. जहाज फुटून किनाऱ्याला लागलेल्या 276 जणांसाठी बेटवासीयांनी पावसात शेकोटी पेटवली. कुणाला जात-धर्म विचारल्याचा उल्लेख तिथे नाही.

26 जुलै 2005 रोजी लोकल बंद पडल्या, तेव्हा मुंबईकरांनीही अनोळखी माणसांना घरात घेतले.

माल्टाचे विमानभाडे आपल्यापैकी अनेकांना परवडणार नाही. पण करी रोड स्टेशनबाहेर भिजत थांबलेल्या परक्याला दार उघडायला पैसे लागत नाहीत. आपली तीर्थयात्रा तिथूनच सुरू होवो. आमेन.