पंचेचाळीस लाखांचे स्टेडियम

२०११च्या जनगणनेत अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याची लोकसंख्या ४५,४३,१५९ होती. क्षेत्रफळाने हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. चौदा तालुके, एका टोकाला अकोले तालुक्यातले पावसाचे डोंगर, दुसऱ्या टोकाला पाथर्डी-जामखेडचा कोरडा माळ. एवढ्या मुलखात पुरुषांचा एकही आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामना आजवर झालेला नाही. नगरला वाडिया पार्क आहे, पण भारताचा संघ डोळ्यांनी पाहायचा तर पुण्याच्या पलीकडचे गहुंजे किंवा मुंबईचे वानखेडे गाठावे लागते. वानखेडेवर सुमारे ३३ हजार माणसे मावतात, आणि त्यातल्याही बऱ्याच जागा क्लब, सभासद आणि पुरस्कर्ते यांच्या. कोपरगावच्या शेतकऱ्याला किंवा शेवगावच्या शिक्षिकेला तिथले तिकीट मिळणे ही आयुष्यात एखाद्या वेळी घडणारी गोष्ट. तेव्हा या जिल्ह्यापुरते बोलायचे तर भारताचा सामना म्हणजे टीव्हीवरचा सामना, दुसरा सामना अस्तित्वातच नाही. असे असूनही टीव्हीसमोर बसणाऱ्याला आपण ग्राहक समजतो: पैसे भरले तर दाखवू, नाही भरले तर विषय संपला. माझे म्हणणे असे की हा माणूस ग्राहक असण्याआधी हक्कदार आहे. त्याचा हक्क सर्वांत दुबळा आहे तो कसोटी क्रिकेटमध्ये, आणि तिथेच तो सर्वांत जास्त हवा आहे.

या जिल्ह्याने भारतीय संघाला दोन मोठे खेळाडू दिले. झहीर खान १९७८ साली श्रीरामपूरला जन्मला. अजिंक्य रहाणे १९८८ साली संगमनेर तालुक्यातल्या आश्वीला. दोघांनाही क्रिकेटसाठी जिल्ह्याबाहेरच वाढावे लागले. झहीर सतराव्या वर्षाच्या सुमारास मुंबईला गेला, रहाणे डोंबिवलीत लहानाचा मोठा झाला. यावर कुणी म्हणेल, मग ते नगरचे कसले, ते तर मुंबईच्या मैदानांनी घडवले. घडवले मुंबईनेच, हे खरे. पण माझा मुद्दा त्यामुळे पक्काच होतो. गाव सोडून गेलेल्या खेळाडूचे गावाशी जे नाते उरते ते जवळजवळ पूर्णपणे पडद्यातून येते. मुंबईकराला सुनील गावसकर शिवाजी पार्कात, कांगा लीगच्या सामन्यात, निदान रस्त्यात तरी दिसू शकत होता. श्रीरामपूरकराला त्याचा झहीर नॉटिंगहॅमहून दिसला, दिसला तेवढाच. आणि या दोघांच्या कारकिर्दीतल्या शिखरांची यादी करू लागलो की त्यातल्या बहुतेक गोष्टी परदेशातल्या कसोटी सामन्यांत घडलेल्या आढळतात. २००७ साली ट्रेंट ब्रिजला झहीरने ९ बळी घेतले आणि भारताने २१ वर्षांनी इंग्लंडमध्ये मालिका जिंकली. २०१४ साली लॉर्ड्सच्या हिरव्या खेळपट्टीवर पहिल्याच दिवशी रहाणेने १०३ धावा केल्या, आणि भारत तिथे २८ वर्षांनी जिंकला. मग मेलबर्न, त्याविषयी पुढे.

टीव्हीवर पाहणे हे प्रत्यक्ष पाहण्यापेक्षा कमी दर्जाचे, असे क्रिकेटवर जुने प्रेम असलेले लोक सांगतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धे. १९७७ साली केरी पॅकरने ऑस्ट्रेलियात स्वतःची क्रिकेट मालिका उभी केली, तेव्हा मैदानाच्या दोन्ही टोकांना कॅमेरे लावले. त्याआधी एका षटकाआड फलंदाजाची पाठच पाहावी लागे. त्यानंतर संथगतीचे चित्रण आले, यष्टींतला कॅमेरा आला, चेंडूची रेषा दाखवणारे तंत्र आले. झहीरची गोलंदाजी समजून घ्यायची तर याच साधनांची गरज होती. चेंडूची एक बाजू खडबडीत झाली, दुसरी चकाकती राखली, की जुना चेंडू चकाकीच्या दिशेला वळतो. फलंदाज धावत येणाऱ्या गोलंदाजाच्या हातातली चकाकी शोधत असतो, म्हणून झहीर धावताना दुसऱ्या हाताने चेंडू झाकत असे. स्टेडियमच्या वरच्या मजल्यावरून यातले काही दिसत नाही. २७ फेब्रुवारी २०११ रोजी बंगळूरला इंग्लंडचा डाव विजयाकडे सरकत असताना ४३व्या षटकात त्याने लागोपाठच्या दोन चेंडूंवर इयान बेल आणि १५८ धावांवर खेळणारा अँड्र्यू स्ट्राउस यांना घालवले आणि सामना बरोबरीत सुटला. स्टेडियममधल्यांनी ते पाहिले. घरातल्यांनी ते कसे घडले हे पाहिले, पुन्हा पुन्हा, शिवणीच्या कोनासकट. जिथे गोलंदाजी शिकवायला प्रशिक्षक नाही, अशा तालुक्याच्या गावात मुलाला चेंडू कसा धरायचा ते शिकायची एवढीच जागा होती.

उलट बाजूही मान्य करायला हवी. पडदा कॅमेरा जाईल तिकडेच नेतो. स्लिपमधला माणूस दोन पावले मागे कधी सरकला, कर्णधाराने कव्हर रिकामे ठेवून फलंदाजाला मोह कसा घातला, हे मैदानावर बसलेल्याला सहज दिसते. टीव्हीवाल्याला समालोचकाने सांगितले तर कळते. म्हणून तर समालोचन कोणत्या भाषेत आणि किती जाणकारीने होते याला इतके महत्त्व आहे. त्याकडे शेवटी वळेन.

सलग पाहिल्याने जे कळते ते तुकड्यांतून कळत नाही, याचा पुरावा म्हणून २०२०-२१चा ऑस्ट्रेलिया दौरा मी पुढे करतो. १७ डिसेंबर २०२० रोजी अ‍ॅडलेडला विराट कोहली ७४ धावांवर धावबाद झाला तो रहाणेच्या चुकीच्या हाकेमुळे. दोन दिवसांनी भारताचा दुसरा डाव ३६ धावांत आटोपला, कोहली मायदेशी परतला आणि रहाणे कर्णधार झाला. मेलबर्नला पहाटे पाचला सामना सुरू होई. ऑस्ट्रेलिया १९५, भारत ३२६, त्यात रहाणे ११२. तो बाद कसा झाला? धावबाद. रवींद्र जडेजाला अर्धशतकाची धाव हवी होती, आणि कर्णधार क्रीजबाहेर राहिला. तंबूकडे जाण्याआधी त्याने जडेजाकडे जाऊन त्याला धीर दिला. ज्याने अ‍ॅडलेडची ती धाव पाहिली होती त्याला या क्षणाचे पूर्ण वजन कळले: दुसऱ्याला धावबाद केल्याचे ओझे वाहणारा माणूस स्वतः धावबाद होतो आणि तक्रार करत नाही. दोन मिनिटांच्या झलकीत यातले फक्त शतक राहते. पुढे सिडनीला जायबंदी फलंदाजांनी सामना वाचवला, आणि १९ जानेवारी २०२१ रोजी ब्रिस्बेनला ३२८ धावांचे लक्ष्य तीन गडी राखून गाठत भारताने मालिका २-१ अशी जिंकली. हा महिना म्हणजे एक अखंड कथानक होते. भारताने स्वातंत्र्यानंतर परदेशात जे मिळवले त्यातल्या मोठ्या गोष्टींमध्ये मी त्याची गणना करतो, आणि त्याचा नायक संगमनेर तालुक्यात जन्मलेला होता.

आता कायदा. १९९३च्या हिरो चषकाच्या वेळी बंगालच्या क्रिकेट संघटनेने प्रक्षेपणाचे हक्क परदेशी कंपनीला विकले, दूरदर्शनने आडकाठी घातली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल लागला. त्यातले प्रमुख निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे, ज्यांना महाराष्ट्र पुढे सार्वजनिक जीवनातला एक निर्भीड आवाज म्हणून ओळखू लागला. या निकालाने दोन गोष्टी एकाच वेळी सांगितल्या. प्रक्षेपणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, म्हणून सरकारची मक्तेदारी चालणार नाही. आणि त्याच कारणाने खासगी मक्तेदारीही चालणार नाही. माहिती मिळवण्याचा प्रेक्षकाचा अधिकार हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. निकालाचा पहिला अर्धा भाग बाजाराने तत्काळ उचलला आणि वाहिन्यांचे युग सुरू झाले. दुसऱ्या अर्ध्याची आठवण व्हायला नागपूर यावे लागले. २१ जानेवारी २००७ रोजी तिथे भारत-वेस्ट इंडीज एकदिवसीय सामना झाला आणि हक्क घेतलेल्या कंपनीशी वाद झाल्यामुळे दूरदर्शनला तो थेट दाखवता आला नाही. काही दिवसांतच अध्यादेश निघाला, मार्चमध्ये कायदा झाला: राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे चित्रण प्रसार भारतीला द्यावे लागेल, आणि टीव्हीवरच्या जाहिरातींच्या उत्पन्नातले किमान ७५ टक्के हक्कधारकाला मिळतील.

‘राष्ट्रीय महत्त्वाचे’ सामने कोणते, हे ठरवणाऱ्या यादीत खरी मेख आहे. भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-२० सामने त्यात सरसकट आले. कसोटींपैकी केंद्र सरकार ज्या विशेष लोकहिताच्या मानेल तेवढ्याच. म्हणजे पन्नास आणि वीस षटकांना हक्क मिळाला, पाच दिवसांच्या खेळाला मर्जी. त्यानंतर ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की असे मिळालेले चित्रण दूरदर्शनने स्वतःच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणातून आणि फ्री डिशवरूनच दाखवायचे. खासगी केबल आणि डीटीएचवरच्या दूरदर्शन वाहिनीतून नाही. कायद्याच्या शब्दांत निकाल बिनचूक असेल. परिणाम मात्र असा की महिन्याचे पैसे भरून केबल घेणाऱ्या घरात दूरदर्शन लागते आणि त्यावर सामना नसतो.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप पैशाचा आहे. हक्कांची किंमत एकाधिकारातून येते. सगळ्यांना फुकट दाखवले तर किंमत पडेल, आणि त्याच पैशावर मैदाने, प्रशिक्षण, निवृत्त खेळाडूंचे मानधन चालते. हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. इंग्लंडमध्ये मायदेशातल्या कसोटी १९९८ साली संरक्षित यादीतून काढल्या गेल्या. २००५ची अ‍ॅशेस मालिका तरीही खुल्या वाहिनीवर दिसली आणि एका क्षणी ८४ लाख लोक ती पाहत होते. २००६ पासून सामने शुल्क घेणाऱ्या वाहिनीवर गेले. २००९च्या अ‍ॅशेसला हा आकडा २० लाखांच्या आसपास राहिला. इंग्लिश मंडळाला पैसा मिळाला, महिला क्रिकेट आणि कौंट्या त्यावर सावरल्या, हे नाकारता येत नाही. पण चार वर्षांत प्रेक्षकांचा एवढा मोठा वर्ग हरवला. आपल्याकडे तर हा तराजू आणखी स्पष्ट आहे. आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले, आणि आयपीएल त्या यादीत नाही. ते बाजारात खुशाल राहू द्यावे. जिथून इतका पैसा येतो तो झरा न अडवता कसोटी सामने खुले करता येतात. कसोटी पाहायला कोण बसतो, असे जे म्हणतात त्यांनी मग कसोटीच्या एकाधिकाराला मोठी किंमत आहे असेही म्हणू नये. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत.

दुसरा आक्षेप नवा आहे: आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, दूरदर्शन हवे कशाला? मोबाइलने पोहोच वाढवली, विशेषतः ज्या घरात टीव्हीचा रिमोट कधी बायकांच्या हाती येत नसे तिथे. पण पाच दिवस रोज सात तास थेट चित्रण पाहायला जेवढा डेटा आणि वर्गणी लागते तेवढा खर्च ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाला झेपत नाही. त्यांच्या वाट्याला झलकच येते. शिवाय क्रिकेट कळते ते शेजारी बसलेल्याकडून. नो-बॉल म्हणजे काय हे नातीला आजोबांनी सांगितलेले असते, आणि त्यासाठी दोघांनी एकच पडदा पाहावा लागतो. भारनियमनाच्या वर्षांत नगर जिल्ह्यातली माणसे वीज असलेल्या गल्लीतल्या टीव्हीपुढे जमत, ती यासाठीच. विजेचे हाल परत यावेत असे कुणीच म्हणणार नाही. ते एकत्र पाहणे मात्र जपण्यासारखे होते.

तिसरा आक्षेप नैतिक आहे, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. टीव्हीवरचे क्रिकेट माणसांना उन्मादी बनवते, प्रतिस्पर्ध्याला शत्रू करते, हरलेल्या खेळाडूच्या घरावर दगड फेकायला लावते. २००३च्या विश्वचषकात मोहम्मद कैफच्या घरावर हल्ला झाला होता. त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात झहीरच्या पहिल्या षटकात १५ धावा गेल्या, आणि ते षटक पुढे कित्येक वर्षे त्याच्या नावाला चिकटले. पण आठ वर्षांनी वानखेडेवरच्या अंतिम सामन्यात त्याचा पहिला टप्पा पाच षटके, तीन निर्धाव, सहा धावा, एक बळी असा होता. हा माणूस मधल्या काळात वूस्टरशायरला जाऊन, धाव आखडून, चेंडू नव्याने शिकून आला हे ज्यांनी पाहिले होते त्यांचा राग कधीच विरला होता. दीर्घ पाहणे माणसाला खेळाडूचे अपयश समजून घ्यायला शिकवते. राग पोसतात ते तुकडे. ब्रिस्बेनहून परतल्यावर कांगारूची प्रतिकृती असलेला केक कापायला रहाणेने नकार दिला, कारण कांगारू हा ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय प्राणी आहे. हा नकार ज्याला सहज पटतो तो प्रेक्षक बहुधा कसोटी पाहणारा असतो, असे माझे मत आहे. म्हणूनच पाच दिवसांचा खेळ सरकारच्या मर्जीवर ठेवू नये.

राहिला भाषेचा प्रश्न. बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून मराठी समालोचनाला अशी घडण दिली की शेतात रेडिओ ऐकणाऱ्याला डोळ्यांपुढे मैदान दिसे. २०२३च्या आयपीएलला मोबाइलवर मराठी समालोचन आले. केदार जाधव ते करत होता आणि त्याच मोसमात त्याला पुन्हा खेळायला बोलावले गेले, इतका जाणकार माणूस मराठीत बोलू शकतो. मग कसोटीला ते का नाही? २००७च्या कायद्यात रेडिओचाही विचार आहे, तिथे उत्पन्नाची वाटणी ५०:५० अशी ठरलेली आहे. यादीत भारताच्या सर्व कसोटी घालायच्या, मायदेशातल्या आणि परदेशातल्याही. खासगी केबलवरही दूरदर्शनचे चित्रण दिसेल अशी कायद्यात दुरुस्ती करायची. आणि पडदा पाहून केलेले मराठी समालोचन आकाशवाणीवरून द्यायचे. त्याला ना परदेशवारी लागते ना कॅमेरे. एक पडदा, दोन जाणकार आणि एक ध्वनिक्षेपक नगरच्या आकाशवाणी केंद्रातही मावतो.