‘असूनही’चे ओझे

दुबळा बलवानाशी झुंजतो तेव्हा पाहणाऱ्याचे मन आपसूक दुबळ्याकडे झुकते. ते माणुसकीचे लक्षण समजले जाते. पण ही सहानुभूती म्हणजेच इन्साफ आहे का? हरलेल्याच्या पाठीवर थाप मारणे आणि त्याला बरोबरीचा मानणे, या दोन्ही गोष्टी एकच आहेत का? फ्रान्समधील एका फुटबॉल सामन्याच्या निमित्ताने हा प्रश्न तपासून पाहता येईल.

कॅले हे उत्तर फ्रान्समधले बंदर. तेथील संघ चौथ्या श्रेणीत खेळणारा, हौशी खेळाडूंचा. कोणी गोदीत राबणारा, कोणी दुकानात, कोणी कचेरीत. दिवसाचे काम संपले की सराव. फ्रेंच चषक स्पर्धा मात्र अशा संघांनाही खुली असते. 2000 साली या संघाने लील आणि कान या व्यावसायिक संघांना पेनल्टी शूटआउटमध्ये हरवले, मग स्ट्रासबुर्गला. उपान्त्य फेरीत समोर आला बोर्दो, म्हणजे 1999 चा फ्रान्सचा लीगविजेता. त्यालाही कॅलेने जादा वेळेत 3-1 असे नमवले.

7 मे 2000 रोजी पॅरिसलगतच्या ‘स्टाद द फ्रान्स’ मैदानावर पाऊण लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर अंतिम सामना झाला. प्रतिस्पर्धी होता आदल्या वर्षीचा चषकविजेता नाँत. 34 व्या मिनिटाला जेरोम द्युतित्रने गोल केला आणि कॅले पुढे गेला. उत्तरार्धात नाँतच्या सिबिएर्स्कीने बरोबरी साधली. सामना संपता संपता पंचांनी नाँतला पेनल्टी किक बहाल केली. हा निर्णय वादग्रस्त ठरला. सिबिएर्स्कीने गोल केला आणि कॅले 2-1 ने हरला.

यानंतर जे घडले त्यामुळे हा सामना लोकांच्या लक्षात राहिला. नाँतचा कर्णधार मिकाएल लांद्रो, वय अवघे वीस, चषक घ्यायला गेला तेव्हा त्याने कॅलेचा कर्णधार रेजिनाल्ड बेक याला सोबत घेतले. दोघांनी मिळून चषक उंचावला.

ही दया होती का? मला तसे वाटत नाही. लांद्रो गोलरक्षक होता. जाळ्यात गेलेला पहिला चेंडू त्यानेच पाहिला होता. विजय किती थोडक्यात हाती लागला, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? त्याने चषक देऊन टाकला नाही. नोंदवहीत विजेता म्हणून नाँतचेच नाव राहिले. त्याने फक्त गवाही दिली, की हा माणूस माझ्या बरोबरीने खेळला. आपल्या लाभाच्या क्षणी अशी गवाही देणे सोपे नसते.

याच्या उलट असते ते ‘असूनही’चे कौतुक. हौशी असूनही अंतिम फेरीत आले! आपल्याला हा शब्द चांगलाच परिचयाचा आहे. आम्हा उर्दू माध्यमाच्या शिक्षकांना तर तो दरवर्षी निकालाच्या दिवशी ऐकावा लागतो. ‘उर्दू माध्यमाची असूनही चांगले गुण मिळवले.’ आणि आपल्यापैकी किती जणांनी हे ऐकलेले नाही, की ‘मुसलमान असूनही मराठी किती छान बोलता!’ बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसते. पण या माणसाकडून फारशी अपेक्षा नव्हती, हे त्या एका शब्दात तो सांगून जातो. शाबासकीच्या आतच कमीपणा बांधून दिलेला असतो.

कोणी विचारेल, अडचणी खऱ्या असताना त्यांचा उल्लेखही करू नये काय? दिवसभर राबून सराव करणारा आणि खेळ हाच पेशा असणारा सारखे कसे? प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर कौतुकात नाही, व्यवस्थेत आहे. फ्रेंच चषकात लहान संघाला प्रवेश मिळतो तो नियमाने. एखादा संघ प्रतिस्पर्ध्याहून दोन श्रेणी खाली असेल, तर सामना त्याच्या घरी ठेवण्याचाही नियम आहे. ही खैरात नव्हे, हक्क आहे. मात्र एकदा सामना सुरू झाला की दुबळ्याचा गोल दीड धरला जात नाही आणि अर्धाही धरला जात नाही. दार उघडणे हे समाजाचे काम. आत आलेल्याला पुरता माणूस मानणे हेही समाजाचेच काम. पहिले टाळून दुसऱ्याच्या जागी टाळ्या वाजवल्या, तर तो इन्साफ होत नाही.

टाळ्यांची मर्यादा कॅलेतही दिसली. 2008 मध्ये तेथे नवे स्टेडियम उभे राहिले. त्या पराक्रमाच्या आठवणीत त्याला ‘महाकाव्य’ या अर्थाचे नाव दिले गेले. 2017 मध्ये मात्र तो क्लबच दिवाळखोरीत निघून बंद झाला. स्टेडियम उरले, संघ राहिला नाही. कोणतीही संस्था केवळ आठवणींवर चालत नाही. मग तो क्लब असो की आपल्या वस्तीतली शाळा.

आणि हा शब्द फक्त दुसरेच वापरतात असेही नाही. ‘मुलगी असूनही शिकली,’ असे आपल्याच घरात अभिमानाने बोलले जाते. ज्याला दुसऱ्याच्या तोंडचे ‘असूनही’ बोचते, त्याने आपल्या तोंडचेही तपासून पाहायला हवे. लेकीला, धाकट्या भावाला, वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलाला आपण शाबासकी देतो तेव्हा त्यांना शेजारी उभे करतो, की वरून खाली पाहतो? निदान ही शाबासकी तरी ‘असूनही’शिवाय देऊ या.