नमस्कार कोणाला?

तेलुगू नट एन. टी. रामाराव यांनी १९५७ च्या ‘मायाबझार’ चित्रपटात श्रीकृष्णाचे सोंग घेतले आणि १९६३ च्या ‘लवकुश’मध्ये ते श्रीराम झाले. तेव्हापासून आंध्रातील यात्रेकरू तिरुपतीचे दर्शन आटोपून मद्रासला जात आणि त्यांच्या घरापुढे हात जोडून उभे राहत. ‘लवकुश’मधील सीतामाई, अंजलीदेवी, त्यांच्याही पायां बायका पडत म्हणे.

आमचे शिकलेले स्नेही हे ऐकून हसतात. मला हसू येत नाही. संतसज्जनहो, कीर्तनात वीणा गळ्यात पडली की आमच्याही पायांवर डोकी टेकतात. वीणा उतरली की तोच बुवा पंगतीत बसून भात मागून घेतो! मग ते डोके टेकले कोणापुढे?

नाट्यशास्त्राची चर्चा करताना श्रीशंकुक नावाच्या पंडिताने चित्रातील घोड्याचा दृष्टांत दिला आहे. चित्र पाहून आपण ‘हा घोडा’ म्हणतो. ते ज्ञान खरे नव्हे, खोटे नव्हे, संशय नव्हे, नुसते सादृश्यही नव्हे. नटाला पाहून ‘हा राम’ म्हणतो तेही तसेच. दृष्टांत फार चांगला. पण चित्रातल्या घोड्यापुढे कोणी हरभरे ठेवीत नाही. मद्रासच्या दारात उभ्या राहणाऱ्यांनी ते ठेवले, एवढाच आक्षेप उरतो.

बरे, ते लोक फसले होते काय? १९७७ साली ‘दानवीरशूरकर्ण’ हा चित्रपट निघाला. त्यात कर्ण रामाराव, दुर्योधन रामाराव आणि श्रीकृष्णही रामाराव, दिग्दर्शनही त्यांचेच. त्याआधी १९६१ च्या ‘सीताराम कल्याणम्’मध्ये ते रावणही झाले होते. लोकांनी दुर्योधनाची भाषणे तोंडपाठ केली आणि कृष्णाला हात जोडले. तोंडवळा एकच, हे काय त्यांना कळत नव्हते? भोळा माणूस आंधळा असतोच असे नाही. पाषाणात विठोबा पाहणाऱ्या आपण तरी तसे म्हणू नये.

तेव्हा वाकणाऱ्याचे काही बिघडत नाही. त्याचा नमस्कार जिथे जायचा तिथे जातो. अडचण आहे ती मध्ये उभा असलेल्याची. मूर्तीला अहंता नाही. नटाला आहे, बुवालाही आहे. आलेला नमस्कार ही परक्याची ठेव. ती पुढे पोचविली तर ठीक, आपल्या गाठीला बांधली तर अफरातफर. वारीत एक वाकला की दुसराही लगेच वाकतो, कोणाकडे काही शिल्लक राहत नाही. पण बुवाची बैठक उंच झाली, पाय पुढे करून बसायची सवय लागली, बिदागीचा आकडा आधी ठरू लागला, की ठेव गिळायला सुरुवात झालीच म्हणून समजा. त्याला चित्रपटच कशाला हवा?

रामारावांनी १९८२ साली पक्ष काढला आणि १९८३ साली ते आंध्रप्रदेशचे मुख्यमंत्री झाले. हे केवळ कृष्णाच्या मुकुटामुळे झाले असे मी म्हणणार नाही. लोकांची गाऱ्हाणी खरी होती, आणि दोन रुपये किलोचा तांदूळ गरिबांच्या पोटात गेला हेही खरे. पण मत देणाऱ्या हातांत पूर्वी जोडलेले हातही होतेच. ते मत कोणत्या खात्यावर जमा धरायचे?

पुढे १९९५ साली त्यांच्याच पक्षातील लोकांनी, त्यांच्या जावयाच्या पुढारपणाखाली, त्यांना पदावरून उतरविले. पुढच्याच वर्षी ते वारले. कृष्णाच्या वेषातील त्यांच्या तसबिरी मात्र कोणी भिंतीवरून उतरविल्या नाहीत.