उपवास, आजार आणि इच्छा

उपवासकाळात ताट दूर सारणाऱ्या मुलीचे आपण कौतुक करतो. ईस्टरनंतरही ती जेवेना की तिला हट्टी ठरवतो. दोन्ही वेळा गृहीत एकच, न जेवणे तिच्या इच्छेचे आहे. सिएनाच्या संत कॅथरीनला तिचे पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी जेवण्याची आज्ञा केली होती. तिला अन्न जाईना. १३८० साली, वयाच्या ३३व्या वर्षी ती वारली. तिला अ‍ॅनोरेक्सिया हे आजचे नाव चिकटवण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण आज्ञेने भूक परतत नाही, हे खरे.

मग नको म्हणणाऱ्या मुलीला मनोविकारतज्ज्ञाकडे नेणे हा तिच्या स्वातंत्र्यावर घाला नव्हे काय? अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी पुरुषांना प्रयोगासाठी अर्धपोटी ठेवले गेले; त्यांचेही चित्त रात्रंदिवस अन्नाभोवती घुटमळू लागले. इच्छेचे स्वातंत्र्य उपासमारीनेच आधी हिरावलेले असते. म्हणून आम्हांस हा घाला वाटत नाही. (ख्रिस्तसभाही आजाऱ्यावर उपवासाचे बंधन घालत नाही.) घरच्यांनी एकदम भरपेट खाऊ घालणे मात्र घातक, अतिकृश देहात रक्तातील फॉस्फेट झपाट्याने उतरून हृदय बंद पडू शकते. अन्न कधी, किती वाढवायचे हे तज्ज्ञांनी रक्त तपासून ठरवावे. आईवडिलांनी त्या ताटापाशी तिच्यासोबत बसावे.